मेंबर कोशात बसतात का?

पुंजाजी वायाळांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात, आणि ते भाषण करत होते. ते कधी सुरू झालं हे मांडवात कुणालाच सांगता येत नव्हतं. मी पोचलो तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, भटजींनी दुसरा काढला होता आणि तोही टळण्याच्या बेतात होता. मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या सकाळी हिरव्या होत्या म्हणे. आता त्या सरपणाला लायक झाल्या होत्या. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं शिजून त्यांचा भात झाला होता. नवरदेवाला दाढीचे खुंट फुटले होते. करवली म्हणून आलेल्या पोरीचे दुधाचे दात माझ्यादेखत पडले. अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकजण उभ्या उभ्या झोपला होता आणि दुसरा त्याच्याकडे हेव्यानं पाहत होता. आणि मधोमध, धोतराचा सोगा डाव्या हातात, उजवा हात आभाळाकडे, पुंजाजी म्हणत होते, "आता शेवटचा मुद्दा," आणि तिथून ते दुसऱ्या पंचवार्षिक योजनेकडे वळले.

त्या भाषणात वधूचं नाव एकदा आलं, वराचं एकदाही नाही, आणि जनपद सभेचं एकोणीस वेळा. मी मोजलं. त्या मांडवात दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं.

जिल्हा परिषदा यायच्या आधी आमच्या वऱ्हाडात गावखेड्यांचा कारभार जनपद सभा पाहायच्या. पुंजाजी दोनदा पडून तिसऱ्यांदा त्या सभेवर निवडून आले होते. पुढे महाराष्ट्र झाला, बासष्ट साली जनपद सभा बंद झाल्या, जिल्हा परिषद आली. पुंजाजी तिच्या निवडणुकीला उभे राहिले आणि शेजारच्या गावच्या भगवंतरावांकडून सडकून आपटले. पण देऊळगाव राजापासून सात मैलांवरच्या त्यांच्या बोरखेडात आणि आजूबाजूच्या वीस खेड्यांत त्यांना 'मेंबर'च म्हणत राहिले. ज्या सभेचे मेंबर ती सभा उरली नव्हती. मेंबर मात्र शिल्लक होते.

त्रेसष्ट साली काही विद्वानांनी मिळून वऱ्हाडातल्या नामवंतांचा एक मोठा कोश काढायचं ठरवलं. आमच्या भागाची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी देऊळगाव राजाच्या शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं होतं आणि आलेल्या पत्राला उत्तर द्यायची वाईट सवय होती. एवढ्या पात्रतेवर मी कोण थोर आणि कोण किरकोळ हे ठरवू लागलो. मंडळाचे कार्यवाह महादेवराव यांनी नियमांचं एक पत्रक पाठवलं. व्यक्ती हयात असेल तर तिच्या कार्याविषयी तीन छापील साधनं हवीत, आणि ती तिनं स्वतः लिहिलेली नसावीत. व्यक्ती मृत असेल तर एक साधन पुरे. मेलेला माणूस स्वतःची जाहिरात करत नाही, असा महादेवरावांचा भाबडा समज असावा. सोबत छापील तक्ता होता: नाव, गाव, जन्म, शिक्षण, तुरुंगवास, मुख्य कार्य, आणि हयात व्यक्तीची सही.

पत्रक आलं सोमवारी. बुधवारी मधल्या सुट्टीत पुंजाजी शाळेच्या व्हरांड्यात उभे. पोस्टमन त्यांच्या भावकीतला होता.

"गुर्जी, थोर मानसाइचं पुस्तक तुमी छापून राह्यले म्हने."

"मी नाही छापत, मेंबर. मी फक्त नोंद करून पाठवतो."

"म्हंजे तलाठी तुमीच." ते बाकावर ऐसपैस बसले. "भगवंतरावचं नाव हाय का त्याच्यात?"

"आहे. त्यांनी हायस्कूल काढलं."

"मंग माहं काऊन नाही?"

मी नियम वाचून दाखवला. पुंजाजींनी तो डोळे मिटून, जनपद सभेतला ठराव ऐकावा तसा ऐकला आणि एकमतानं मंजूर केला. मग तक्ता भरायला बसले. तुरुंगवासाच्या रकान्यापाशी त्यांचा आवाज चढला. "लिहा. सन तीस. जंगल सत्याग्रह. सरकारी रानात गवत कापलं. सात दिवस सजा." मुख्य कार्याच्या रकान्यात त्यांनी 'भाषणे' असं लिहायला सांगितलं. कोणती म्हणून विचारलं तर म्हणाले, "सगळीच."

जाताना ते पायरीवर थांबले. एरवी त्यांचं बोलणं दोनशे माणसांना उद्देशून असायचं. आता एकट्या मला उद्देशून होतं, म्हणून ओळखू येईना. "गुर्जी, सभा गेली. दप्तर बांधलं, शिक्का जमा झाला. आमाले लेकरू नाही. माहं नाव कुठं राह्यलं, सांगा ना मले. भितीवर कोयशानं लिहू का?"

एवढंच म्हणाले आणि टोपी सारखी करत निघून गेले. मला तेव्हा हसू आवरलं याचा आजही अभिमान वाटतो. तेवढाच एक अभिमान या प्रकरणात माझ्या वाट्याला आला.

चार दिवसांनी त्यांनी छापील साधनांचं पोतं पाठवलं. खरोखरचं पोतं, ज्वारीचं. आत लग्नपत्रिका होत्या, एकशे चाळीस. आमच्याकडे पत्रिकेच्या तळाशी 'आपले विनीत' म्हणून नावांची रांग असते; त्या प्रत्येक रांगेत पहिलं नाव: पुंजाजी वायाळ, मेंबर, जनपद सभा. मी दुसऱ्या दिवशी बोरखेडला जाऊन म्हटलं, "मेंबर, यात तुम्ही लोकांना जेवायला बोलावताय. तुमच्याविषयी काही नाही."

"छापील हाय का नाही?"

"आहे."

"म्या छापलं का?"

"नाही."

"एकाच घरच्या हायेत का?"

"नाही, एकशे चाळीस घरच्या."

"अन् तुमाले पाह्यजे तीन." त्यांनी पानाला चुना लावला. "बाकीच्या एकशे सदतीस परत द्या."

हा युक्तिवाद मी जसाच्या तसा महादेवरावांकडे पाठवला. त्यांचं कार्ड आलं: लग्नपत्रिका साधन म्हणून धरता येत नाहीत, धरल्यास कोशाचे चाळीस खंड होतील.

तेव्हा पुंजाजी निवृत्तीकडे गेले. निवृत्ती आमच्या देऊळगाव राजात एक साप्ताहिक काढायचा. मालक तोच, संपादक तोच, छपाईचे खिळे जुळवणारा तोच, आणि बरेचदा वाचकही तोच. त्यानं 'लोकसेवक पुंजाजी वायाळ यांचे कार्य' असा लेख छापायचं कबूल केलं. तो लेख पुंजाजींनी घरून लिहूनच नेला होता, खाली निवृत्तीचं नाव घालून. फोटो काढायला पुंजाजी जालन्याला गेले. तिथल्या फोटोवाल्यानं त्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि हयातीत पहिल्यांदाच त्यांनी एका माणसाचं त्या बाबतीत ऐकलं.

आता निवृत्तीच्या छापखान्याची एक पद्धत होती. त्याच्या पेपरात जिवंत माणसाचा फोटो कधी आलाच नव्हता. फोटोचा धातूचा ठसा करायचा खर्च लोक एकदाच करायचे, वडील किंवा आजा गेल्यावर, वर्षश्राद्धाला. त्यासाठी निवृत्तीनं जाड काळ्या पट्ट्यांची एक चौकट कायमची बांधून ठेवलेली होती. आतला ठसा बदलायचा की काम झालं. पुंजाजींचा ठसा आला, त्यानं चौकटीत घालून पाहिला, चपखल बसला. निवृत्तीला फार आनंद झाला. तो म्हणाला, "मापात हाय मेंबर."

पेपर गुरुवारी निघाला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी चौकट पाहिली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही चौकटच पाहिली, आणि पेपर खाली ठेवून बैलगाडी जुंपली.

मी सायकल हाणत बोरखेडला पोचलो तोवर पुंजाजींच्या अंगणात वीसेक माणसं जमली होती, आणखी येत होती. बायका वेशीपासूनच गळा काढत येत होत्या. पुंजाजींची बायको सत्यभामाबाई पाट्यावर मिरच्या वाटत होत्या, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या. ते पाहून आलेल्या बायकांची उरलीसुरली शंका फिटली.

"कोन गेलं वं?" सत्यभामाबाईंनी घाबरून विचारलं.

"अवं, मेंबर गेले ना बाई!"

"कुठं गेले? आत्ता तं पानावर बसून राह्यले!"

हे ऐकून बायकांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि त्यांनी दुप्पट आवाज लावला. मी मागच्या दारानं आत शिरलो. पुंजाजी भाकरी पुढ्यात घेऊन दाराआड बसले होते. त्यांनी मला हातानं गप्प केलं.

"चूप, गुर्जी. कागद काढा. बाहीर साधन चालून राह्यलं."

"मेंबर, लोक रडताहेत. बाहेर जा."

"रडू द्या. बोलू तं द्या त्याइले. आता जेलाचं निघन, मंग भाषनाचं निघन."

मी कागद काढला. बाहेर कडूबा नावाचा म्हातारा बोलू लागला. तो म्हणाला, माझ्या विहिरीच्या कागदासाठी मेंबरनं चिखलीला सात खेपा घातल्या, पहिल्या गाडीनं जायचा आणि शेवटच्या गाडीनं यायचा, माझ्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. मग नवबौद्ध वस्तीतल्या जनकाबाई पुढं झाल्या.

"आमच्या घराइच्या जागेचा नकाशा याच मानसानं काढून आनला," त्या म्हणाल्या. "गावातले लोक याच्यावर उलटले. दोन वर्सं याच्या घरचं पानीबी कोनी पेलं नाही. पन हलला नाही. आमच्यासाठी इतकं कोन करते, सांगा?"

दुसरा कुणी म्हणाला, पोराचा दाखला आणला. तिसरा म्हणाला, आई दवाखान्यात होती तेव्हा तीन रात्री बाहेर बसला. सगळ्यांच्या बोलण्यात एक पिशवी यायची. मेंबरच्या खांद्याला अडकवलेली, दुसऱ्यांच्या अर्जांनी फुगलेली. मी भराभर लिहीत होतो. मला वाटलं, मेंबर भारावून गेले असतील. मान वळवून पाहिलं तर ते रागानं लाल झाले होते.

"हे काय सांगून राह्यले हे येडे? अर्ज तं कोनीबी नेते! टपालवालाबी नेते! जेलाचं कोनीच काऊन नाही काढत?"

तेवढ्यात बाहेर कडूबा डोळे पुसत म्हणाला, "मानूस सोन्यासारखा होता. भाषन तेवढं लय लांब करे."

आणि अंगणातली सगळी माणसं, बायकांसकट, रडता रडता हसली.

ते मात्र पुंजाजींना सोसलं नाही. दार धाडकन उघडून ते बाहेर उभे राहिले, हातात भाकरी. "लांब? कवा लांब केलं बे कडूबा? सांग! तारीख सांग!"

कडूबानं तारीख सांगितली नाही. तो कडब्याच्या गंजीमागे सापडला. बाकीच्यांची खात्री पटायला वेळ लागला, पण पुंजाजींनी बोलायला सुरुवात केली तेव्हा कुणाच्याच मनात संशय राहिला नाही. स्वतःच्या शोकसभेत मयतानं सव्वा तास भाषण केल्याचा दुसरा प्रसंग माझ्या ऐकिवात नाही. लांबच्या गाड्या अंधार पडायच्या आत निघाल्या.

त्या दिवशी माझं मत बनलं. हा माणूस कोशात जायला हवा. ज्या कारणासाठी तो स्वतः म्हणतो त्या कारणासाठी मुळीच नाही, पिशवीसाठी. मी महादेवरावांना चार पानी पत्र लिहिलं, लोकांचं बोलणं उतरवून काढलं, सोबत निवृत्तीचा अंक जोडला. आठव्या दिवशी उत्तर आलं. तोंडी माहिती ग्राह्य धरता येत नाही, असं लिहून पुढं म्हटलं होतं: 'तथापि सोबतच्या अंकावरून श्री. वायाळ यांच्या निधनाचे वृत्त कळून खेद झाला. मृत व्यक्तीस एक साधन पुरते, सबब नोंद मंजूर. निधनाची तारीख तेवढी उलट टपाली कळवावी.' माझं चार पानी पत्र महादेवरावांनी वाचलं नव्हतं. त्यांनीही चौकटच पाहिली होती.

मी ते कार्ड घेऊन बोरखेडला गेलो. पुंजाजी ओसरीवर होते, सत्यभामाबाई शेंगा फोडत होत्या.

"मंजूर?" पुंजाजी उठून उभे राहिले.

"मंजूर, पण मेलेल्या पुंजाजींची."

ते बसले. सुपातली एक शेंग उचलून परत ठेवली. मग म्हणाले, "मंग राहू द्या तसंच."

"काय?"

"पुस्तकात मेलो तं काय बिघडलं? इथं तं जित्ता हाव ना! तारीख गुरुवारची टाका. पेपरात आलं तोच दिवस."

सत्यभामाबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. "अन् मी?"

"तुहं काय?"

"तुमी पुस्तकात मेले तं मी पुस्तकात कोन? माह्या कपायाचं कुकू पुसता का नावासाठी? गुर्जी, टाका तारीख. अन् त्याच्याखालीच टाका, बायको त्याच दिवशी गेली. दोघाइले एकाच गाडीत घाला."

"बाई, कोशात बायकोची नोंद नसते," मी म्हणालो.

"मंग तुमचं पुस्तक चुलीत घाला. पानी तापीन तेवढंच."

पुंजाजी तीन निवडणुका हरले होते, पण इतक्या लवकर एकही नाही. मी तिथंच बसून कार्ड लिहिलं: पुंजाजी वायाळ हयात आहेत, प्रकृती ठणठणीत आहे, अंक माझ्या नजरचुकीनं पाठवला गेला. हे वाक्य सोडलं तर त्यात सगळं खरं होतं.

महादेवराव भले गृहस्थ होते. त्यांनी कळवलं की मंजुरी रद्द करावी लागते आहे, पण तुमचा आग्रह दिसतो. तेव्हा खुद्द व्यक्तीच्या सहीचा, तुम्ही खरा म्हणून दाखला दिलेला तक्ता आल्यास मंडळ अपवाद म्हणून आठ ओळी देईल. आठ ओळी! मी आनंदानं नवा तक्ता घेऊन गेलो. पुन्हा ओसरी, पुन्हा शेंगा.

मुख्य कार्यात मी पिशवीचं लिहून नेलं होतं. तुरुंगवासाचा रकाना मी वाचून दाखवला: सन एकोणीसशे तीस, जंगल सत्याग्रह, सात दिवस.

"कोनता सत्याग्रह?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"तू चूप बस," पुंजाजी घाईनं म्हणाले.

"काऊन चूप बसू? माह्या मायनं लग्नात देलेली म्हैस, चंद्री. नवी व्याली होती, घरात कडबा नव्हता, दूध आटून राह्यलं होतं. मी दोन दिवस रडली. तं हे पहाटीच इळा घेऊन सरकारी रानात गेले, अन् गार्डानं धरलं. दंड भरा म्हने. हे म्हने, म्हशीच्या पोटाचा दंड कायचा? नाही भरत. मंग सात दिवस आत." त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मीच खाली पाहिलं. "गुर्जी, मी सोळा वर्साची होती. माह्या म्हशीपाई मानूस जेलात गेला. लिहा ना ते."

"आणि सत्याग्रह?"

"तो मंग झाला ना. तीन हप्त्यानं. हे सुटून आल्यावर."

पुंजाजी भिंतीकडे पाहत होते. मी हलकेच म्हटलं, "मेंबर, हे जास्त चांगलं आहे. खरं सांगतो. जेलात गेलेले पुष्कळ आहेत. म्हशीसाठी गेलेला एकच."

"भगवंतरावले पाच ओळी जेलाच्या भेटतीन," ते म्हणाले, "अन् मले म्हैस? पोरं वर्गात वाचतीन, दात काढतीन. काढा ते."

"काढाचं नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"मग जेलच काढून टाकू?" मी विचारलं. "नुसतं अर्जांचं ठेवू. नकाशाचं, विहिरीचं."

"ते हरकाम्याचं काम हाय, गुर्जी. ते काय लिहाचं असते? दुसऱ्याच्या दारात उभं राह्याचं, साहेबाच्या पाया पडाचं. ते म्या केलं, कोनाले तरी करा लागते म्हनून. ते माह्या नावावर टाकू नका." मग म्हणाले, "सत्याग्रह लिहा ना. तीन हप्त्याचाच तं फरक हाय."

मी नाही म्हटलं. खाली दाखला माझा होता, आणि मास्तर माणसाला सन चुकवता येत नाही; पोरांना त्यासाठीच छड्या मारलेल्या असतात. त्यांनी तक्ता ठेवून घेतला. मला वाटलं, दोन दिवसांत मन वळेल. ते अकरा दिवसांनी आले, शाळेच्या व्हरांड्यात. तुरुंगवासाच्या आणि मुख्य कार्याच्या रकान्यांवर त्यांनी पट्टीनं सरळ रेघ ओढली होती. जन्म-शिक्षणाचे रकाने कोरेच होते; नाव, गाव आणि सही तेवढी होती. सही मात्र सुरेख होती, पूर्वी सभेच्या ठरावांवर करायचे तशी, शेवटी लपेट्यासकट.

"असंच पाठवा," म्हणाले.

मी तसंच पाठवलं.

कोश सदुसष्ट साली निघाला. भगवंतरावांना अडीच पानं आणि एक फोटो आहे. पुंजाजी वायाळ परिशिष्टात आहेत. 'ज्यांची माहिती उपलब्ध होऊ शकली नाही अशा व्यक्ती' या मथळ्याखाली एकोणसाठ नावांची यादी आहे, तीत त्यांचं नाव पंचावन्नावं आहे.